अंगणातला बोर्ड

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घरापुढच्या लॉनवरची पानं गोळा करणं. इकडे पानं भरायला कागदाच्या उंच पिशव्या मिळतात. त्या काही एकट्या उभ्या राहत नाहीत, तोंड मिटून आडव्या पडतात. म्हणून एकानं तोंड धरायचं आणि दुसऱ्यानं भरायचं. तोंड ही धरायची. पातळावर मुलाचं जुनं जॅकेट, डोक्याला मफलर, वाकून उभी. मी दाताळ्यानं पानं ओढायचो आणि दोन्ही हातांनी पिशवीत कोंबायचो.

"पानं टाकताय का माती?" ही म्हणाली. "अंगण सगळं पिशवीत जाईल अशानं."

लॉनच्या मधोमध तो बोर्ड उभा होता. शहराच्या निवडणुकीला उभ्या असलेल्या आपल्या मराठी साहेबांचा. प्लॅस्टिकचा पातळ पत्रा, खाली तारेचे दोन पाय, ते जमिनीत रोवलेले. दाताळं सारखं त्या तारेत अडकत होतं. मी म्हणलं, उपटून टाकतो एकदाचा हा. माझ्या दारात खोटं कशाला उभं?

"थोडे दिवस थांबा," ही म्हणाली. "मग तुम्हीच ठरवा, ठेवायचा का काढायचा."

"त्यात ठरवायचं काय आहे?"

"पिशवी भरली. तोंड दुमडा."

एवढंच बोलली. निम्मं लॉन झालं आणि म्हणाली, दम लागला, राहिलेलं उद्या करू. मी दाताळं गॅरेजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवताना ओट्याशी खाली बसली ती बसलीच. ॲम्ब्युलन्स आली, माणसं चांगली होती, त्यांनी त्यांचं सगळं केलं. काही उपयोग झाला नाही. पन्नासच्या वर वर्षं संसार केला, आणि शेवटचं धड बोलणं झालं ते पिशवीच्या तोंडावरून.

मी सातवी शिकलेला माणूस. फौजेत ड्रायव्हर होतो, ट्रक चालवला, हवालदार होऊन बाहेर पडलो. मग पुण्यात एका कारखान्याच्या गेटवर उभा राहिलो. लोकांचे डबे, पिशव्या, डिकी तपासायचं काम. त्या कामानं माणूस असा होतो, की कुणी हसून बोललं तरी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघतो. मुलगा इकडे कॅनडात, किचनर शहरात कॉम्प्युटरच्या कामाला लागला, त्यानं आम्हाला बोलावून घेतलं. इकडे आल्यावर गेट राहिलं नाही, पण तपासायची सवय राहिली. ही म्हणायची, देव दर्शन द्यायला आला तरी तुम्ही त्याला पास विचाराल.

हे साहेब आपल्या इकडच्या मराठी मंडळातले. जुने. आम्ही गावाकडे बैल हाकत होतो तेव्हा हे अमेरिकेत इंजिनिअरिंग शिकत होते, आणि मग इकडे कॅनडात आले. वय माझ्यापेक्षा जास्तच. बायको मागेच गेली, मुलं लांब. गणपतीला स्टेजवर भाषण यांचंच. बोलणं गोड, मराठी जुनं आणि शुद्ध, आपण ऐकतच राहावं असं. दर गुरुवारी दुपारी आमच्याकडे यायचे, कारण हिच्या हातची ज्वारीची भाकरी. "वहिनी, या देशात सगळं मिळतं, थापलेली भाकरी मिळत नाही," असं दर गुरुवारी म्हणायचे. ही खूश व्हायची. मी जेवायला बसायचो आणि मग बेसमेंटमध्ये झोपायला जायचो. ते दोघं वर बोलत बसायचे. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. एकट्या माणसाला स्वयंपाकघरात बसायला आवडतं, ते आता मला कळतं.

यंदा ते निवडणुकीला उभे राहिले आणि घरोघर कागद वाटला. गुळगुळीत, रंगीत. त्यावर एका कोपऱ्यात जुना फोटो, खाकी कपडे, टोपी, छाती काढून उभे. खाली इंग्रजीत काही लिहिलेलं. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "लिहिलंय, तरुणपणी भारताच्या सैन्यात सेवा केली."

मला हे कधी कळलंच नव्हतं. इतके गुरुवार भाकऱ्या खाल्ल्या, मी फौजेतला माणूस समोर बसलेला, आणि एकदासुद्धा विषय नाही? दोन फौजी एका ताटावर बसले तर तिसरा घास घ्यायच्या आधी कुठली पलटण, कुठं होता, साहेब कोण, हे निघतंच. पुढच्या गुरुवारी मी सरळ विचारलं, साहेब, नंबर काय तुमचा? फौजेतला माणूस स्वतःच्या मुलाची जन्मतारीख विसरेल, नंबर विसरत नाही. मला झोपेतून उठवून विचारा.

साहेब हसले. म्हणाले, "हवालदार, अहो जमाना झाला. आता घराचा फोन नंबर आठवत नाही."

मी हिच्याकडे बघितलं. ही भाकरी थापत होती. हात थांबला नाही, पण मान वर केली नाही.

तेव्हापासून माझ्या मनात बसलं. मुलाला म्हणलं तर तो म्हणाला, "आप्पा, लीव्ह इट ना. पॉलिटिक्समध्ये सगळेच थोडं एक्झॅजरेट करतात." थोडं म्हणजे किती ते त्यानं सांगितलं नाही. टीव्हीवर मी बघतो की. शेजारच्या अमेरिकेतले मोठे मोठे पुढारी, लढाईच्या वेळी कुणाचा पाय दुखत होता, कुणाचं शिक्षण चालू होतं, कुणाच्या वडिलांची ओळख होती. तेच आता म्हातारपणी सगळ्यात मोठ्यानं सलाम ठोकतात. पोरं पाठवायची वेळ आली की आधी तेच बोलतात. इकडचेही काही वेगळे नसतील. अकरा नोव्हेंबरला लढाईत मेलेल्यांची आठवण म्हणून सगळ्यांच्या कोटावर लाल फूल लागतं, आणि कोण कुठं होता हे फूल काही सांगत नाही.

त्याच्या पुढच्या गुरुवारी मी झोपून उठून वर आलो तर लॉनमध्ये बोर्ड उभा. हिनं स्वतःच्या हातानं रोवला होता. मी विचारलं, मला न विचारता? ही म्हणाली, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. एवढं उत्तर देऊन कपड्यांच्या घड्या घालायला गेली. मला राग आला. आणि संशयही आला, खोटं कशाला लिहू. साहेबांचा नाही, हिचा. ही काहीतरी पोटात ठेवून आहे असं वाटलं. पण विचारायचं आज, उद्या, असं करता करता पानं गळायला लागली.

ही गेल्यावर साहेब आले. मंडळातले सगळेच आले. क्रिमेटोरियमच्या हॉलमध्ये साहेब प्रत्येकाचा हात धरत होते, हळू आवाजात बोलत होते. मी एका खुर्चीवर बसून त्यांच्याकडे बघत होतो. माझी बायको समोर पेटीत, आणि माझं लक्ष या माणसाच्या हाताकडे. कागद वाटतोय का? नाही वाटला. डोळे लाल होते. मला वाटलं, सर्दी असेल, थंडी पडलीय. पुन्हा वाटलं, स्टेजवर बोलतो त्याच आवाजात सांत्वन करतोय. रडणारा माणूस खरा का खोटा हे गेटवर तपासता येत नाही.

तेरावं देवळाच्या हॉलमध्ये झालं. मुलाची सुट्टी संपली, तो कामाला लागला. सून कामाला, नातवंडं शाळेत. घरात मी आणि फ्रीजचा आवाज. बोर्ड तसाच उभा होता. त्याच्या पायाशी पानं साचली होती, कारण निम्मं लॉन तसंच राहिलं होतं आणि मला दाताळं हातात धरवत नव्हतं.

मग गुरुवार आला. दुपारी बेल वाजली. तीच वेळ. मी दार अर्धंच उघडलं. साहेब एकटेच, हातात काही नाही.

आत आले ते सोफ्यावर बसले नाहीत, स्वयंपाकघरात त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसले. तवा ओट्यावर तसाच होता. मी चहा केला. साखर जास्त पडली. दोघांनी एक एक घोट घेतला.

"हवालदार," साहेब म्हणाले, "मी फौजेत कधीच नव्हतो."

"ते मला माहीत आहे."

"सगळं नाही. अजून आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. तो खाकी फोटो कॉलेजातला. त्या काळात चीनच्या लढाईनंतर कॉलेजच्या पोरांना परेड सक्तीची केली होती, दर आठवड्याला खाकी घालून मैदानात लेफ्ट-राइट. लाकडी बंदूक. तेवढीच यांची फौज. पुढं अमेरिकेत शिकायला गेले. तिथं कायमचं राहायचा परवाना मिळाला आणि थोड्याच दिवसांत तिथल्या सरकारचा हुकूम आला, आमची लांबच्या मुलखात लढाई चालली आहे, फौजेत हजर व्हा. मला हे माहीत नव्हतं, की परदेशातल्या माणसालासुद्धा तिथं लढाईला बोलवायचे. परवाना घेतलास ना, मग बंदूक पण घे, असा हिशोब. त्यांच्याबरोबरचा एक जण लढाईवर गेला. साहेबांनी एका मित्राची गाडी घेतली, कपड्याची एक बॅग टाकली आणि सरहद्द ओलांडून इकडे आले. इकडे त्यांना कुणी काही विचारलं नाही. मित्राला गाडी परत करायलाही ते कधी गेले नाहीत.

"घरी वडिलांना सांगितलं, कॅनडात जास्त चांगली नोकरी मिळाली. सगळ्यांना तेच सांगत आलो. बायकोलासुद्धा."

मी म्हणलं, मग आज मला कशाला सांगताय?

साहेबांनी कप बशीत ठेवला. म्हणाले, "वहिनींना सांगितलं होतं मी. त्या तुम्हाला बोलल्या नाहीत?"

पन्नास वर्षांत हिनं मला दुधाचा भाव वाढला ते सांगितलं, शेजारणीच्या सुनेची दाढ दुखली ते सांगितलं. हे नाही सांगितलं. मी म्हणलं, नाही बोलली.

मग साहेब थोडे पुढं सरकले. आवाज बदलला, स्टेजवरचा झाला. म्हणाले, निवडणूक तोंडावर आली आहे, कागद घराघरांत गेले आहेत, आता काही बदलता येणार नाही. तुम्ही तेवढे दिवस गप्प राहावं. मंडळात तुमच्या शब्दाला वजन आहे, तुम्ही खरे फौजी. आणि वहिनींनीच बोर्ड लावून घेतला होता. त्यांचा शब्द होता तो.

मी उठून उभा राहिलो.

"मेलेल्या बाईचा शब्द तुम्ही मला सांगताय?"

मला गेट आठवलं. अशा वेळी आवाज चढवायचा नसतो, एक एक वस्तू बाहेर काढायला लावायची. मी विचारलं, कुठल्या दिवशी सांगितलंत? बोर्ड लावला त्या गुरुवारी, म्हणाले. मी कुठं होतो? खाली झोपला होतात. ही कुठं होती? इथं, ओट्याशी, भाकरी थापत. तुम्ही काय म्हणालात? हेच, आत्ता सांगितलं ते, पण निम्म्यातच अडकलो. का अडकलात?

त्यांनी खिडकीकडे बघितलं. "रडू आलं. या वयात, परक्या बाईसमोर. लाज वाटली. वहिनींनी काही विचारलं नाही. तव्यावरची भाकरी काढली, माझ्या ताटात टाकली आणि म्हणाल्या, आधी जेवा. मग रडा."

मी खाली बसलो.

एकाहत्तरच्या लढाईत मी ट्रक चालवत होतो. जाताना दारूगोळा आणि धान्य, येताना माणसं. काही बसून यायची, काही आडवी. माझ्या ट्रकचं फळकूट मी रोज पाण्यानं धुवायचो आणि रोज ते लाल व्हायचं. लढाई संपल्यावर सुट्टीवर घरी आलो. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, हिची माझी धड ओळख नव्हती. गावातली माणसं बघायला आली, काय काय झालं विचारत होती, माझ्या तोंडातून शब्द निघेना. सगळे गेल्यावर हिनं ताट पुढं ठेवलं. मी घास उचलला आणि हात तसाच राहिला. तेव्हा ही म्हणाली, आधी जेवा, मग रडा. मी जेवलो. मग रडलो. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि हीसुद्धा सांगणारी नव्हती. आमच्या दोघांखेरीज हे वाक्य जगात कुणाजवळ नव्हतं.

म्हणजे माणूस खरं बोलत होता. निदान तेवढं तरी. तो इथं रडला होता आणि हिनं त्याला माझं वाक्य दिलं होतं. मला राग आला, पण तो फौजेच्या खोट्याचा नव्हता, त्या वाक्याचा होता. पळून आलेल्याला आणि ट्रक धुणाऱ्याला हिनं एकच ताट वाढलं.

मी विचारलं, मग पुढं काय म्हणाली?

"मी विचारलं, तुम्ही सांगाल का हवालदारांना? त्या म्हणाल्या, मी का सांगू, तुम्हाला तोंड आहे की. बोर्ड लावते आज. त्यांना तुमच्या तोंडानं कळलं, की ठेवायचा का काढायचा ते तेच ठरवतील."

मला दाताळं दिसलं, जॅकेट दिसलं, वाकलेली पाठ दिसली. थोडे दिवस थांबा, मग तुम्हीच ठरवा. हे बोलणं पानं गोळा करताना झालं होतं आणि तेव्हा अंगणात तिसरं कुणी नव्हतं. ही वाट बघत होती, हा माणूस कधी तोंड उघडतो त्याची. आणि हा पुढचा गुरुवार, त्याच्या पुढचा गुरुवार करत राहिला, तोवर ही गेली.

"आणि मी गप्प राहावं, हासुद्धा तिचा शब्द?"

साहेबांनी चहाकडे बघितलं. मग म्हणाले, "नाही. ते त्या काही बोलल्या नाहीत."

बघा. खऱ्याच्या पिशवीत तळाला एक खोटं ठेवलंच होतं. तळापर्यंत हात घातला नसता तर ते माझ्या घरातून तसंच बाहेर गेलं असतं, माझ्या बायकोच्या नावानं.

मी म्हणलं, साहेब, तुम्ही पळालात त्याचं मला काही नाही. दुसऱ्याच्या देशाची लढाई, दुसऱ्याच मुलखात, मी असतो तर काय केलं असतं सांगता येत नाही. माझ्या ट्रकमध्ये आडवी आलेली पोरं होती, त्यातल्या एखाद्याला पळायला मिळालं असतं तर आज तो म्हातारा होऊन कुठंतरी भाकरी खात बसला असता. मला बरंच वाटलं असतं. पण पळालात तर पळालात म्हणा. त्या पोरांच्या रांगेत फोटो कशाला लावता? ती काही उठून सांगायला येणार नाहीत, की हा आमच्यात नव्हता.

"खरं सांगितलं तर लोक मत देतील?"

"नाही देणार बहुतेक."

"मग?"

"मग घेऊ नका."

साहेब हसल्यासारखे झाले. उठले, कोट घातला, बुटाच्या नाड्या बांधायला त्यांना वेळ लागला. दारात थांबून विचारलं, "तुम्ही सांगणार लोकांना?"

मी म्हणलं, मी का सांगू?

ते गेले. मी दोन्ही कप धुतले, तवा पुसून कपाटात ठेवला. संध्याकाळी मुलाला काही बोललो नाही. त्यानं विचारलं, साहेब आले होते वाटतं? म्हणलं, हो, चहा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर मी जॅकेट घातलं आणि लॉनवर गेलो. बोर्ड वर ओढला तसा तारेतून सुटून हातात आला. तार जमिनीतच राहिली. नळाच्या पाण्यानं बोर्ड धुतला, चिखल होता थोडा. मग तो काखेत मारून साहेबांच्या घरी चालत गेलो, आमच्यापासून फार लांब नाही. वाटेत चार दारांत त्यांचेच बोर्ड उभे होते.

साहेबांनी दार उघडलं. गाऊन घातलेला, दाढी वाढलेली. मी बोर्ड त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटासुलटा करून बघितला.

"तार?"

"राहू दे माझ्याकडं. खरं लिहून आणलंत तर लागेल."

त्यांनी बोर्ड आत घेतला आणि दार लावलं. सांगतील का? मला भरवसा नाही. माणूस चांगला आहे, पण पुढारी आहे.

घरी येऊन गॅरेजमधून दाताळं काढलं आणि एक कागदी पिशवी घेतली. पिशवी उभी केली, पडली. परत उभी केली, परत पडली. एका हातानं तोंड धरून दुसऱ्या हातानं भरायला गेलो तर निम्मी पानं बाहेरच. मग तारेकडं लक्ष गेलं. ती उपटली, पाय पुसले आणि पिशवीत उभी घातली. पिशवी उभी राहिली, तोंड उघडं.

तिनं ठेवलेल्या निम्म्या लॉनपासून सुरुवात केली. पानं टाकताना प्रत्येक मूठ आधी झटकून घेत होतो, माती जाऊ नये म्हणून.